अब्बाची झोप, मोहल्ल्याची सहरी

नाशिक, कोकणीपुरा
रविवार, ता. २२ नोव्हेंबर १९३६
सातवा रोजा

चि. जहिदा हिस,

इसाक जिल्दवाल्याचा दुवा. इकडे सगळे खुशाल आहेत, थंडी पडली आहे, बाजारात पेरू आले आहेत. तुझी खुशाली नसीमबीला येणाऱ्या पत्रांवरून कळते. म्हणजे मी विचारत नाही, पण आपली आणि तिची भिंत पातळ आहे. ती पत्र वाचून घेते तेव्हा कानावर पडतं.

साडेतीन वर्षांनी बापाचं पत्र बघून तू घाबरशील. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. परवा सकाळी साऱ्या मोहल्ल्याला तसं वाटलं होतं खरं, ते पुढे सांगतो. हे पत्र फक्त औषधापुरतं आहे. तू पुण्याच्या इस्पितळात नर्सिंग शिकतेस आणि मला एका औषधाची माहिती हवी आहे, एवढाच संबंध. बाकी मी तेव्हा जे बोललो ते बोललो.

तर मला झोप येत नाही. कमी येते असं नव्हे, येतच नाही. डोळ्याला डोळा लागत नाही. पहिल्या वर्षी नसीमबीनं काशाच्या वाटीनं तळपाय घासायला लावले. वाटी चकचकीत झाली, पाय काळे झाले, झोप शून्य. मग जायफळ, मग खसखशीची खीर. खिरीनं वजन वाढलं. शेवटी डॉक्टर लोणकरांकडे गेलो. ते आपल्या चौकात नवा दवाखाना घालून बसलेत, माणूस तरुण आहे पण समजूतदार. त्यांनी ब्रोमाइडचं मिक्स्चर दिलं. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली, चव समुद्राच्या पाण्याची. त्यानं महिनाभर बरं वाटलं आणि मग पन्नाशीच्या माणसाच्या तोंडावर मुरमं उठली, अगदी लग्नाच्या पोरासारखी. नसीमबी म्हणाली, "इसाक, आता तुझ्यासाठी स्थळ बघायला हरकत नाही."

मधल्या काळात माझ्या दुखण्याचा मोहल्ल्यानं फायदा करून घेतला. रमजानात पहाटे सहरीच्या जेवणाला जागवणारे इब्राहिमचाचा वारले, हे तुला ठाऊक असेलच. रमजान तोंडावर आलेला, लोकांना उठवणार कोण? कापडवाले शौकतसेठ म्हणाले, "इसाकच्या खिडकीत दिवा रात्रभर असतो, तो जागाच आहे, तोच उठवील." झालं! माझ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि एक लाकडी टिपरी आली. तीन रमजान मी घरोघर नाव घेऊन उठवलं. "उठा शौकतसेठ, उठा मैमुनाभाभी, सहरीची वेळ झाली." एक दिवस चुकला नाही. लोकांनी घड्याळांना किल्ली द्यायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता. झोप नसली तरी काही तरी हाती होतं.

या रमजानच्या आधी मात्र माझी गाडी रुळावरून घसरली. हायस्कूलच्या वाचनालयाची दोन पुस्तकं मी एकाच जिल्दीत शिवली. मास्तर हसत हसत घेऊन आले. पेशव्यांची वंशावळ अर्ध्यावर येते आणि पुढच्या पानावर त्रिकोण सुरू होतो. ते हसले, मला रडू आलं. त्याच आठवड्यात कागद कापायच्या सुरीनं अंगठा कापला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "इसाकभाई, आता गोळी देतो. रोज एक. रात्री तरावीहच्या नमाजनंतर लगेच, गरम दुधाबरोबर. एकच हं." त्यांनी वही उघडून विचारलं, झोप कधीपासून नाही. मी म्हणालो, तुझी अम्मी गेली तेव्हापासून, अकरा वर्षं. नसीमबी सोबत आली होती, ती उगाच खोकली.

पहिले चार दिवस गोळी घेतली आणि चार-पाच तास झोप लागली. बेटी, काय सांगू! सकाळी उठल्यावर जगात रंग दिसायला लागले. डबा वाजवायच्या वेळेला बरोबर जाग येत होती. मग आली परवाची, म्हणजे शुक्रवारची पहाट. आदल्या रात्री गोळी घेऊन पडलो, तासभर झाला तरी झोपेचा पत्ता नाही. मनात आलं, एकीनं होत नाही तर दोन. उठलो आणि दुसरी घेतली. हात दाखवून अवलक्षण!

पुढचं मला आठवत नाही, लोकांनी सांगितलं ते लिहितो. पहाटेच्या फज्रची अजान झाली तेव्हा मोहल्ला अंथरुणात होता. चाळीस घरं, एकाच्याही पोटात घासभर अन्न नाही. लोक मशिदीच्या ओट्यावर गोळा झाले आणि कोणाच्या तोंडून निघालं, "इसाक आला नाही म्हणजे इसाक गेला." एवढं पुरे होतं. बायका रडायला लागल्या. शौकतसेठ स्वतः जनाज्याचं बघायला निघाले. आपल्या दाराला आतून कडी, म्हणून दोघांनी खिडकीतून आत उडी टाकली. आणि आत काय ऐकू आलं? माझं घोरणं. डॉक्टरांच्या पुंजा कंपाउंडरला बोलावलं होतं, तो सायखेड्याचा, मोठ्या मनाचा गडी. माझी नाडी धरून म्हणाला, "मियाभाई जित्ते हायेत. लय झोपलेत, उठवू नका, तीन सालाची झोप काढत्यात."

लोकांचं दुःख गेलं आणि राग आला. मैमुनाभाभी म्हणाली, "मेला असता तर निदान माफ केलं असतं." मी नऊ वाजता डोळे उघडले तर उशाशी वीसेक माणसं उपाशीपोटी बसलेली, आणि सगळी माझ्याकडे पाहतायत. पेशइमामसाहेबांनी सांगितलं की सहरी चुकली तरी रोजा होतो, मनातली नियत पुरे. पण त्या दिवशी इफ्तारला लोकांनी खजूर असे खाल्ले की बियांसुद्धा वाचतील की नाही शंका.

काल दुपारी असरच्या नमाजनंतर बैठक भरली. शौकतसेठांचा ठराव असा, की इसाकभाईंनी औषध ईदपर्यंत बंद ठेवावं, ईदनंतर खुशाल झोपावं. माना डोलल्या. मीही मान डोलावली, काय करणार? तेवढ्यात दाराआडून नसीमबीचा आवाज आला, "का हो शौकतसेठ, त्याच्या दुखण्यावर मोहल्ल्याचं घड्याळ चालवता होय? तुम्हाला काय धाड भरलीय जागायला?" डबा शौकतसेठांच्या गळ्यात पडला. गोळ्यांची बाटली डॉक्टरांच्या हुकमानं नसीमबीकडे गेली. ती रोज एक गोळी आणून देते आणि मी गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून बघते.

आता कामाचं. गोळीचं नाव बार्बिटोन, पाच ग्रेन. हे चांगलं की वाईट? सवय लागते का? दोन घेतल्या त्यानं आत काही बिघडलं असेल का? सकाळी डोकं जड राहतं, ते जातं का? डॉक्टरांना विचारलं असतं, पण डॉक्टरांना प्रश्न विचारला की ते उलटे मलाच प्रश्न विचारतात.

तुझ्या वॉर्डातल्या त्या सासवडच्या आजींनी तुला लोणच्याची बरणी दिली ते ठीक झालं. जेवणाकडे लक्ष दे. हेही भिंतीतूनच ऐकलं.

उत्तर आलं तर औषधाचं यावं.

इसाक


नाशिक, कोकणीपुरा
गुरुवार, ता. ३ डिसेंबर १९३६
अठरावा रोजा

माझ्या जहिदा,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. चार पानं, त्यातली साडेतीन औषधाची. वाचताना मला वाटत होतं की मी बाकावर उभा आहे आणि मास्तरीण छडी घेऊन समोर. "पहिली गोळी काम करायला वेळ घेते, तेवढ्यात अधीर होऊन माणूस दुसरी घेतो, कधी कधी पहिली घेतलेली विसरून तिसरीही घेतो, आणि अशी माणसं आमच्याकडे येतात तेव्हा सगळीच उठत नाहीत." हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी थट्टा करत होतो आणि तिकडे ते पत्र धरून तुझं काय झालं असेल, हे मला आता समजतं. माफ कर. बाटली अजून नसीमबीकडेच आहे. एकदम बंद करायची नाही हेही ध्यानात आहे. सकाळी डोकं जड असेल तोवर सुरीला हात लावत नाही, नुसती खळ शिजवतो.

इकडची मौज आधी सांगतो. शौकतसेठांनी पहिल्याच दिवशी गजराचं घड्याळ चुकीचं वाचलं आणि रात्री दोनलाच डबा बडवला. लोकांनी सहरी केली आणि वेळ शिल्लक म्हणून पुन्हा अंथरुणात शिरले. फज्र साऱ्या मोहल्ल्याची चुकली. आता लोक म्हणतात, इसाकभाईनं एकदा उपाशी ठेवलं, पण नमाज नाही चुकवली. म्हणजे माझी अब्रू आपोआप परत आली. सेठ आता रोज सकाळी लाल डोळ्यांनी दुकानात बसतात, आणि मी समोरून गेलो की सलाम आधी तेच करतात.

आता तुझं उरलेलं अर्धं पान.

तू लिहिलंस, "अब्बा, झोप कधीपासून नाही हे डॉक्टरांना खरं सांगा, त्यावर औषध ठरतं." आणि खाली शेवटची ओळ, "नसीमखालाला सलाम. तिचं अक्षर फार सुंदर आहे." ती वाचली आणि कानशिलं तापली. नसीमबीला अलिफ येत नाही न् अ येत नाही. तुझी पहिली तीन पत्रं मी टपालवाल्याला परत न्यायला लावली, मग तू तिच्या नावानं लिहायला लागलीस. ती प्रत्येक पत्र घेऊन माझ्याकडे यायची, "वाचून दाखव रे, चष्मा सापडत नाही." तिच्याकडे चष्मा कधी होता? मी तोंड वाकडं करून वाचायचो. मग ती सांगायची आणि मी तिच्या नावानं उत्तर लिहायचो. साडेतीन वर्षं तू बापाचंच अक्षर वाचत होतीस आणि तुला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वाटलंच मला. म्हणून तर वेलांट्या जास्त नीट काढत होतो.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, आणि तीच लिहायला मी चार दिवस घेतले. ती सांगायची एक आणि मी लिहायचो दुसरं.

पहिल्या पत्रात ती म्हणाली, "लिही, तुझा बाप जेवत नाही, झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो." मी लिहिलं, "तुझे वडील मजेत आहेत." दुसऱ्या वर्षी तुला ताप आला होता, तेव्हा ती म्हणाली, "लिही, बाप पुण्याची मोटार कुठून सुटते ते विचारत फिरला." मी लिहिलं, "तब्येतीस जपावे." मोटारतळापर्यंत गेलो होतो, बेटी. तासभर उभा राहून परत आलो. काय तोंडानं येणार होतो?

आणि गेल्या वर्षी तू विचारलंस, "ईदला येऊ का, अब्बांना चालेल का?" तेव्हा नसीमबी ओरडली होती, "ये म्हणून लिही! आज निघ म्हणून लिही!" मी लिहिलं, "यंदा नको. त्यांचा राग अजून गेलेला नाही." तिनं विचारलं, "लिहिलंस ना?" मी म्हटलं, "हो." त्या ईदला तिनं तुझ्यासाठी शीरखुर्मा काढून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला होता. मला तो खावा लागला.

राग तर केव्हाच गेला होता. तू गेलीस तेव्हा मी काय काय बोललो! परक्या माणसांची घाण काढायला जातेस, लोक काय म्हणतील, गेलीस तर तुझं पत्रसुद्धा या घरात येणार नाही. लोक तर काहीच म्हणाले नाहीत. मैमुनाभाभी तिच्या पोरीला सांगते, जहिदासारखी शिक. तोंडावर पडलो होतो मी, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. एवढीच गोष्ट. एवढ्याशा लाजेपायी तुझी एक ईद मी खाल्ली.

मंगळवारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरी तारीख सांगितली. झोप अकरा वर्षं नाही हे खोटं, तुझी अम्मी गेली तेव्हा रडत होतो पण झोपत होतो, तुला मांडीवर घेऊन. झोप गेली ती तू टांग्यात बसलीस त्या दिवशी, चौदा जून. डॉक्टरांनी वही काढली, "अकरा वर्षं" वर काट मारली आणि म्हणाले, "इसाकभाई, माझी आख्खी वही तुम्ही नासवलीत." मग बराच वेळ बोलत बसले. गोळ्यांनी त्यांचं काम केलं म्हणाले, तुम्हाला बोलण्याइतकं माणसात आणलं. आता पाच दिवस अर्धी, मग पाव, ईदपर्यंत बंद. मधे झोप कमी लागेल, घाबरायचं नाही, दुपारी लोळायचं नाही. काल अर्ध्या गोळीवर तीन तास झोपलो. तीन तास काही फार नाहीत, पण जागा होतो तेव्हा भिंतीकडे तोंड नव्हतं.

दवाखान्यातून परत आल्यावर सगळं नसीमबीला सांगितलं, पत्रांचंसुद्धा. तिनं ओढणी तोंडाला लावली आणि आत गेली. दीड दिवस माझ्याशी एक शब्द नाही. अर्धी गोळी मात्र वेळेवर आली, कोणा पोराच्या हाती धाडली नाही, स्वतः घेऊन आली, समोर ठेवली आणि गेली. सत्तर वर्षांची बाई, तिचे शब्द मी चोरले. आज दुपारी ती आली आणि म्हणाली, "लिही तिला. पण तू वाचून दाखवलेलं मी आता ऐकणार नाही. पुंजाकडून वाचून घेईन, मगच पेटीत पडेल." तेव्हा हे पत्र आधी पुंजाकडे जाणार आहे. तो चौथी शिकलेला आहे आणि एक अक्षर गिळत नाही.

जहिदा, ईद पंधरा-सोळा तारखेला आहे. रजा मिळत असेल तर ये. मिळत नसेल तर तुमच्या मोठ्या बाईंना सांग, की एका पेशंटला तुझी गरज आहे. तुझा तो पांढरा पोशाख घालूनच ये. मोटारतळापासून घरापर्यंत मी तुझ्याबरोबर चालेन, मधल्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. आणि नाही आलीस तरी मी समजेन. माझ्या मापानं मला माप घातलंस असं समजेन, आणि पुढच्या मोटारीनं मीच येईन. या वेळी मोटारतळावरून परत फिरणार नाही.

तुझी तीन पत्रं परत धाडणारा आणि पुढची सगळी तोंडपाठ असणारा,
तुझा अब्बा
इसाक

ता. क. जहिदाताईस पुंजा कंपाउंडरचा रामराम. पत्र नसीमआजीस्नी पहिल्यापासून शेवटपावतर वाचून दावलं. एक शब्द गाळला नाय. मधी दोनदा थांबावं लागलं, आजी रडत व्हत्या, मंग मी पन. आता त्या सांगत्यात तसंच लिवतो: "पोरी, तुझा बाप गाढव हाय, पन तुझ्यावाचून झोपत नाय. हे मी साडेतीन साल सांगतीय, आज तुला पोचलं. मोटार कंची ते कळीव." खाली अंगठा त्यांचाच हाय, माझ्यासमोर उठवलाय.